ब्रोन्याला मोजायचं नाही

ब्रोन्या त्सुकरमन मला कधीच आवडली नाही, आणि आपण कुणाला आवडावं अशी तिचीही इच्छा नव्हती. इस्रायलमधल्या नहारियात आम्ही एकाच रस्त्यावर म्हाताऱ्या झालो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. एकही पोर तिनं कधी अर्धपोटी उठू दिलं नाही, पण कुणी आभार मानले की वसकन अंगावर यायची. "आभार कसले मानतोस? खा गुमान." नवरा योसेफ नळाची कामं करायचा. बायको आयुष्यभर ओरडत राहिली आणि तो नळ दुरुस्त करत राहिला. एक दिवस तो झोपेतच गेला. तेव्हाही ती म्हणाली, "सांगायची पद्धत नाही माणसाला."

रांगेत उभं राहणं तिला चालायचं नाही. पोस्टात सगळे नंबराची चिठ्ठी घेऊन बसलेले असले, तरी ही सरळ खिडकीशी जायची. लोक शिव्या घालायचे. ती वळून म्हणायची, "माझ्या वाट्याच्या रांगा लावून झाल्यात." एकदा जनगणनेचा माणूस दारात आला. घरात किती माणसं, एवढंच त्यानं विचारलं. ब्रोन्यानं आत जाऊन झाडू आणला. तो बिचारा जिन्यावरून उड्या मारत खाली आला आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मी फक्त मोजायला आलो होतो." मी म्हटलं, "तेच चुकलं."

पोलंडची दारं उघडून चार-पाच वर्षं झाली होती. आमच्याकडून विमानं भरभरून लोक, महायुद्धात आपली माणसं गेली त्या जागा बघायला, तिकडं जात होते. आमच्या पेन्शनर मंडळानंही सहल काढली. दोन विधवा आणि एक खोली, म्हणून मला ब्रोन्यासोबत टाकलं. मी तक्रार केली. मेनाशे म्हणाला, "पनिना, तुझ्याशिवाय तिच्यापुढं टिकणार कोण?" ही स्तुती आहे असं त्याला वाटलं.

मेनाशे आमच्या प्रार्थनाघराचा कारभारी. कोण कुठं बसणार, कुणाला वाचायला बोलवायचं, दिवे कधी लावायचे, सगळं तोच ठरवायचा. सहलीतही तेच. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, हातात झेंडा. माणूस वाईट नव्हता, पण नियम हेच त्याचं दुसरं लग्न होतं, आणि त्या लग्नात तो पहिल्यापेक्षा सुखी होता.

पहिल्याच सकाळी वॉर्सात बसमध्ये तो बोट पुढं करून मोजायला लागला. एक, दोन, तीन. ब्रोन्यापाशी बोट आलं आणि ती सीटखाली वाकली.

"काय शोधतेस?" मेनाशेनं विचारलं.

"लाज. तुझी पडलीय इथं कुठंतरी."

"सरळ बस. मोजायचंय."

"बाकीच्यांना मोज. मला मोजायचं नाही."

"माणूस मागं राहिला तर जबाबदारी कुणाची?"

"राहिले तर राहीन. मला लहानपणी पुरेसं मोजून झालंय. बोट खाली घे."

मेनाशे चिडला. आम्हा यहुद्यांत माणसं आकड्यांनी मोजत नाहीत, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रार्थनेला दहा पुरुष जमलेत का हे बघताना तो स्वतःच दहा शब्दांचं एक वचन म्हणायचा आणि एकेका शब्दाला एकेक माणूस धरायचा. पण बस म्हणजे प्रार्थनाघर नव्हे, असं त्याचं म्हणणं. त्यानं पुन्हा मोजलं. ब्रोन्या उठून मागच्या टोकाला गेली आणि शेवटच्या सीटवर कोट डोक्यावर ओढून बसली. आकडा जुळेना. ड्रायव्हर लेशेक पोलिश होता. त्याला आमच्या भांडणातलं अक्षर कळत नव्हतं, तरी तो आरशातून बघत इतका हसत होता की माझंच डोकं फिरलं.

पुढं रोज सकाळी हेच. मेनाशे मोजणार, ब्रोन्या गायब होणार, बसला उशीर होणार आणि सगळे ब्रोन्याच्या नावानं बोटं मोडणार. लुब्लिनच्या हॉटेलात गेदल्या नावाचा एक जाडजूड गृहस्थ तिच्या तोंडावर म्हणाला, "तुला घरीच ठेवायला हवं होतं." ती म्हणाली, "तुला कमी खायला द्यायला हवं होतं." या गेदल्याला नीट लक्षात ठेवा.

खोलीत ती बोलायची नाही. नहारियाहून आणलेले टुनाचे डबे आणि बिस्किटं खिडकीत मांडून ठेवली होती, कारण इथल्या स्वयंपाकघरावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी मी तिला सरळ विचारलं, "तुला इथलं काही बघवत नाही, इथलं खाववत नाही, माणसं तर कुठलीच आवडत नाहीत. मग आलीस कशाला?"

तिनं बॅगेतून डब्यातली मेणबत्ती काढली. मेलेल्यांच्या तिथीला आम्ही लावतो ती.

"परवा आपण जंगलातल्या त्या नाझी छावणीत जाणार आहोत ना, तिथं माझी आई गेली. तिच्यासाठी कद्दिश कधी झाला नाही. एकदाही नाही."

कद्दिश ही गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. ती मुलगा म्हणतो, आणि दहा यहुदी पुरुष उभे असल्याशिवाय कुणालाच म्हणता येत नाही.

"योसेफनं का नाही म्हटला? नहारियात पुरुषांना काय तोटा?"

"ती नहारियात मेली का?" ब्रोन्या माझ्यावर खेकसली. "जिथं मेली तिथं म्हणायचा. भाऊ दोन होते, तेही गेले. मला झाली मुलगी. मेनाशेला विचारलंय मी. आपल्यात दहा पुरुष आहेत. तो म्हणेल."

"तू मेनाशेला विचारलंस? हात जोडून?"

"हात कशाला जोडू? सांगितलं त्याला."

पन्नास वर्षांत तिनं कुणाकडं काही मागितल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. मी दिवा मालवला. तिच्याबद्दल मला कीव वाटली, पण दुसऱ्या दिवशी तिनं माझा टूथब्रश कचऱ्यात टाकला आणि कीव संपली.

जायच्या सकाळी गेदल्या खाली उतरलाच नाही. आदल्या दिवशी मश्रूमच्या सूपच्या तीन वाट्या चापल्या होत्या. आता संडास आणि पलंग यांच्यामध्ये त्याच्या येरझाऱ्या चालल्या होत्या. मेनाशे वर जाऊन आला आणि म्हणाला, "तो येत नाही." बाकीच्यांनी मान हलवली आणि कॉफी प्यायली. दहातला एक पुरुष कमी झाला, हे त्या घटकेला ब्रोन्याशिवाय कुणाच्या डोक्यात आलं नाही. ती जिन्यानं वर गेली. गेदल्याच्या दारावर तिनं मुठी आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला. "ऊठ. पोटात दुखतंय तर तिथं दुखू दे. नंतर मर." आतून गेदल्यानं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण दार उघडलं नाही एवढं खरं.

छावणी म्हणावं असं तिथं आता फारसं काही उरलेलं नव्हतं. पाइनच्या झाडांत एक मोकळी जागा, नवीन लोखंडी फाटक, एक मोठा दगड आणि त्यावर तीन भाषांत तीन ओळी. मध्ये सिमेंटची जुनी फरशी होती आणि तिच्या भेगांतून गवत वर आलेलं होतं. ऑक्टोबर होता. पाऊस पडतही नव्हता आणि थांबतही नव्हता. आमच्याशिवाय तिथं चिटपाखरू नव्हतं. दुसरी एखादी सहल असती तर तिच्यातला एक पुरुष उसना घेता आला असता.

आम्ही आमच्या रीतीनं दगडावर फुलांऐवजी खडे ठेवले. नहारियाच्या समुद्रावरून मी पिशवी भरून आणले होते. ब्रोन्या दगडाकडं गेलीच नाही. ती त्या फरशीवर जाऊन एका ठरावीक जागी उभी राहिली. कुठं उभं राहायचं हे तिला शोधावं लागलं नाही.

मेनाशेनं पुरुषांना गोळा केलं. वचन म्हणत, स्वतःपासून सुरुवात करून, तो एकेकाकडं बोट करत गेला. नववा शब्द श्रागावर पडला. श्रागा म्हणजे आमचा जुना नास्तिक, लाल झेंड्याखाली वाढलेला. उपासाच्या दिवशी गॅलरीत बसून मुद्दाम सॉसेज खाणारा. तोसुद्धा टोपी घालून उभा होता. दहाव्या शब्दाला माणूस उरला नाही. मेनाशेनं दुसऱ्या टोकापासून पुन्हा म्हटलं. मला हसू आवरेना. टोक बदलल्यानं माणसं वाढतात हे मला नवीन होतं.

"नऊच आहेत," मेनाशे म्हणाला. "कद्दिश होणार नाही. एक स्तोत्र वाचू आणि निघू."

"मला धर," ब्रोन्या फरशीवरून म्हणाली.

"काय?"

"नऊ तुम्ही आणि मी दहावी. मला मोज."

मेनाशेच्या तोंडून जे निघालं ते निघायला नको होतं. पण रोजच्या त्या तमाशानंतर कुणाच्याही तोंडून तेच निघालं असतं. "सगळा प्रवास मोजू दिलं नाहीस. रोज सगळ्यांना ताटकळत ठेवलंस. आणि आता मोज म्हणतेस? बायका दहांत धरत नाहीत, ब्रोन्या. हे तुला माहीत आहे."

"माझी आई आहे ती. तुमच्यातल्या कुणाची आहे इथं?"

कुणाचीच नव्हती. ज्यांची कुणी गेली ती दुसरीकडं गेली होती. पुरुष आपापल्या बुटांकडं बघायला लागले. श्रागा म्हणाला, "घे रे धरून. देव काय हजेरीपट घेऊन बसलाय?"

"तू देवाबद्दल बोलू नकोस," मेनाशे कडाडला. "जिथं आपली इतकी माणसं नियम सोडला नाही म्हणून मेली, तिथं मी नियम मोडू?"

"ती नियमासाठी नाही मेली, मूर्खा," ब्रोन्या म्हणाली. "आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

मग मेनाशेनं पुस्तक उघडलं आणि स्तोत्र वाचलं. ब्रोन्यानं पाठ फिरवली. स्तोत्र संपलं तसे पुरुष बसकडं निघाले. आम्ही बायकाही निघालो. मी तिच्यापाशी जाऊन म्हटलं, "चल, भिजशील."

"जा तू," ती म्हणाली. "तुझी अक्कल मला नको आहे, त्या नऊ जणांना लागली तर दे." सांत्वन करायला गेलेल्या माणसाशी बोलायची ही तिची तऱ्हा. मी गेले.

बसमध्ये सगळे ओले, गारठलेले आणि कुरकुरत बसले होते. मेनाशे चढला. त्याचा चेहरा लाल होता. कुणीतरी विचारलं, "मोजत नाहीस?"

"आज नाही मोजत," तो म्हणाला. "रोज मोजायचं आणि रोज तिची थेरं बघायची. आज मला ताकद नाही. लेशेक, चल."

बस निघाली. मी उकडलेली अंडी काढली, मिठाची पुडी उघडली. दोन अंडी ब्रोन्याची होती. ती नेहमीप्रमाणे शेवटच्या सीटवर कोटाखाली असणार. मला रागही होता आणि भूकही होती, म्हणून आधी मी माझं खाल्लं. मग अंडी घेऊन मागं गेले. सीटवर तिची बॅग होती. तेवढंच होतं.

"थांबवा," मी ओरडले. "ब्रोन्या नाही."

बस थांबली. आम्ही यहुदी, पोलंडमधल्या एका छावणीच्या दारात आमच्यातली एक बाई टाकून बसमध्ये अंडी खात निघालो होतो. मेनाशे उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. लेशेकला भाषा कळली नाही, पण त्यानं आरशातून शेवटची सीट पाहिली. या वेळी तो हसला नाही. रस्ता अरुंद होता, बस वळवायला लाकडाच्या वखारीपर्यंत पुढं जावं लागलं. तिथं तो तोंडातल्या तोंडात शिव्या देत बस मागंपुढं करत राहिला. तेवढ्या वेळात मेनाशेनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली.

ब्रोन्या फाटकाबाहेर उभी होती. खांबाच्या आडोशाला तिनं ती डब्यातली मेणबत्ती लावली होती. बसचं दार उघडलं. मेनाशे पायरीवर आला.

"ब्रोन्या, चूक झाली. माझी चूक. चढ."

"नाही चढत."

"अंधार पडतोय."

"पडू दे. इथला अंधार मला ओळखतो."

"अगं, सगळे थांबलेत. काय हवंय तुला?"

"मोज."

"मोजतो. तू चढ, मी लगेच मोजतो."

"बसमधल्या बोचक्यांत नाही. दहांत मोज."

मेनाशेनं डोळे मिटले. "ते माझ्या हातात नाही. नियम मी केलेला नाही. मी तुझी माफी मागतो, इथं चिखलात गुडघे टेकतो म्हणशील तर. पण हे मला करता येत नाही."

ब्रोन्यानं आवाज चढवला नाही. इतक्या वर्षांत मी तिला हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते मला आवडलं नाही.

"त्या फरशीवर सकाळी हजेरी व्हायची. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. आई रात्री गेली. पण रात्रीच्या आकड्यात ती होती, म्हणजे सकाळीही असायला पाहिजे. मेलेली असली तरी आणायची. एका बाजूनं मी धरली, दुसऱ्या बाजूनं शेजारच्या फळीवर झोपणारी बाई. दोघींनी मिळून उभी केली. पहारेकरी आला, त्यानं बोट केलं, मोजली आणि पुढं गेला. आई मेलेली होती, मेनाशे, आणि त्यांनी तिला मोजलं. मी जिवंत उभी आहे तुझ्यासमोर. तुझ्या मोजणीत मी बसत नाही. मग तुझ्या बसमध्ये बसून मी काय करू?"

पहिला श्रागा उठला. मेनाशेला खांद्यानं बाजूला ढकलून तो खाली उतरला. "मी म्हातारा आहे, मला थंडी वाजते आणि मी देव मानत नाही," तो म्हणाला. "लवकर उतरा, गाढवांनो." एकेक करून बाकीचे उतरले. कुणी खुशीनं उतरलं असं मी म्हणणार नाही. एक जण म्हणत होता की हा अधर्म आहे. दुसरा म्हणत होता की ही बाई म्हणजे शिक्षा आहे. तिसऱ्याला जेवणाची काळजी होती. पण ते उतरले आणि फाटकासमोरच्या चिखलात उभे राहिले.

सगळ्यात शेवटी मेनाशे उतरला. ज्या नियमांवर त्याचं घर उभं होतं त्यातली एक वीट त्याला स्वतःच्या हातानं काढायची होती, आणि यासाठी तो ब्रोन्याला जन्मात माफ करणार नव्हता. नंतर त्यानं केलंही नाही. नहारियाला परतल्यावर तो तिला बघून रस्ता बदलायचा. ती मुद्दाम त्याच्या रस्त्यानं जायची.

त्यानं वचन सुरू केलं. पहिला शब्द, पहिला माणूस. दुसरा, तिसरा. नववा स्वतःवर. मग तो थांबला. बोट वर आलं होतं. ब्रोन्याची मान ताठ झाली. मेनाशेनं ते पाहिलं असावं. त्यानं बोट मिटलं, हात खाली घेतला, आणि तिच्याकडं न बघता, जमिनीकडं बघत, दहावा शब्द म्हटला.

"म्हण," तो म्हणाला. "तूच म्हण. मला म्हणवणार नाही."

ब्रोन्याला कद्दिश पाठ होता. पन्नास वर्षं प्रार्थनाघरात बायकांच्या गॅलरीत बसून दुसऱ्यांचे ऐकून पाठ झालेला. तिनं तो भांडल्यासारखा म्हटला, शब्द फेकत, एकेका ओळीला हनुवटी पुढं काढत. आईचं नाव हाना होतं. ते मला तेव्हा कळलं. जिथं जिथं आमेन यायचं तिथं तिथं नऊ जणांनी दात खाऊन आमेन म्हटलं. इतकं चिडलेलं आमेन मी कुठल्याही प्रार्थनाघरात ऐकलेलं नाही. बसच्या दारातून आम्ही बायकांनीही म्हटलं. मी जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं, कारण मला मेनाशेला ऐकवायचं होतं. आणि मी रडत होते, हेही सांगून टाकते.

मग सगळे चढले. ब्रोन्या सगळ्यांच्या आधी चढली, मागच्या सीटवर गेली आणि कोट अंगावर ओढला. तोंड मात्र उघडं ठेवलं. मी अंडी दिली. तिनं मीठ मागितलं.

मेनाशे मधल्या वाटेनं मोजत येत होता. या वेळी आकडे नव्हते. तो वचनाचे शब्द म्हणत होता आणि दहा संपले की परत पहिल्यापासून सुरू करत होता. तो शेवटच्या सीटपाशी पोचला. ब्रोन्या अंड्याचं कवच सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"झालं ना एकदा मोजून," ती म्हणाली. "सवय लावून घेऊ नकोस. परत बोट केलंस तर चावेन."

मेनाशे वळला, पुढं गेला आणि लेशेकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सगळे आहेत. चल."